फुटाण्याला मोकळं सोडण्याबद्दल

दादा, तुझी खोली आवरायला मला एक सकाळ पुरली. मला वाटलं होतं, काही दिवस तरी तिथे बसून राहीन, एकेक वस्तू हातात घेईन. पण वस्तूच नव्हत्या. दोन पँटी, चार शर्ट, हॉस्पिटलच्या लिफ्टवर असतानाचा खाकी गणवेश, जो तू निवृत्तीनंतरही इस्त्री करून ठेवला होतास, रेडिओ, मसाल्याची बरणी आणि फुटाण्याची ॲल्युमिनियमची ताटली. ताटली उचलली तर खाली घडी घातलेला कागद होता. उलगडला. माझंच अक्षर. वर मथळा, 'फॉक्स टेरियर : स्वभाव व सवयी'. शेवटी दोन रेघा मारलेलं वाक्य, 'मोकळ्या जागी दोरीशिवाय सोडू नये.' ताटली फरशीवर सरकू नये म्हणून तू तो खाली घातला होतास. म्हणजे पाच वर्षं तुझा कुत्रा माझ्या सल्ल्यावर जेवत होता.

मी हसलो. मग ते हसू थांबेना, म्हणून दाराकडे पाठ करून बसलो.

खिडकीजवळच्या खिळ्याला आपली पतंगाची फिरकी टांगलेली असायची, ती नव्हती. कुणाला तरी देऊन टाकली असशील असं म्हणून मी ती भिंत पुसली. फिरकीच्या आकाराचा फिकट डाग मात्र पुसला गेला नाही.

माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंचं काय करायचं हे चार लोक सांगतात. त्याच्याशी चाललेल्या भांडणाचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आपल्यात भांडण असं एकच होतं. खोलीवरून आपण भांडलो नाही. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून भांडलो नाही. मी लालबाग सोडून दादरला राहायला गेलो तेव्हा तू स्वतः माझ्या पुस्तकांची पोती खांद्यावरून चार मजले चढवलीस. आणि साठी ओलांडलेले आपण दोघे भाऊ पाच वर्षं भांडलो ते एका सात किलोच्या कुत्र्यावरून. त्याला मोकळं सोडावं की नाही, यावरून.

तू त्याला आणलास तो दिवस मला आठवतो. दादरच्या पारशी वसाहतीतल्या त्या बाई गुडघ्याच्या उपचारांसाठी वर्षभर तुझ्या लिफ्टमधून ये-जा करायच्या. तू निवृत्त झाल्यावरही त्यांच्या घरी जाऊन बल्ब बदलून द्यायचास. त्या मुलीकडे परदेशी कायमच्या निघाल्या आणि जाताना त्यांनी चार वर्षांचा टोबी तुझ्या हाती दिला. तू त्याला कापडी पिशवीतून आणलास. पिशवीतून फक्त तोंड बाहेर, एक कान तपकिरी, एक पांढरा. चाळीच्या गॅलरीत माणसं जमली. तू पिशवी खाली ठेवलीस आणि तो कढईतल्या तापल्या वाळूतून चणा उडावा तसा जो उडाला, तो थेट समोरच्या काकूंच्या पाटावर. काकू म्हणाल्या, "हा टोबी कसला, हा तर फुटाणा." टोबी हे नाव परळचा पूल ओलांडेपर्यंतच टिकलं.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे पुस्तकाकडे गेलो. गिरगावातल्या आमच्या वाचनालयात कुत्र्यांच्या जातींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. माझ्या नोकरीच्या काळात ते कुणी घरी नेल्याचं मला आठवत नाही. मी ते दोन दुपारी वाचलं आणि टिपणं काढली. हा कुत्रा कोल्ह्यांच्या बिळात शिरून त्यांना बाहेर काढण्यासाठी पिढ्यान् पिढ्या घडवलेला आहे. बिळात मालक बरोबर नसतो, त्यामुळे हुकमाची वाट न बघता स्वतःच ठरवायचं, हे त्याच्या रक्तात आहे. आनंदी असतो. माणसांना जीव लावतो. भीती ठाऊक नसते, आणि हा गुण नव्हे, धोका आहे. उंदीर, खार, पाखरू, लहान आणि हलणारं काहीही दिसलं की त्याला बाकी जग दिसेनासं होतं. हाक ऐकू येते, पण पायांपर्यंत पोचत नाही.

मी हे सगळं तुला वाचून दाखवलं. तू कांदा चिरत होतास. फुटाणा तुझ्या पायाशी बसून माझ्याकडे असा बघत होता, जणू त्याची कुंडली कुणी परक्याने काढली आहे.

"म्हणजे आपल्या बाबांसारखाच," तू म्हणालास.

"दादा, मी गंभीरपणे सांगतोय. याला रस्त्यावर दोरीशिवाय सोडू नकोस."

तू सुरी खाली ठेवलीस. "तीस वर्षं मी त्या डब्यात वर-खाली केलं. कुणी चौथा म्हटलं की चौथा, तळ म्हटलं की तळ. ह्याला तरी जिथे जायचंय तिथे जाऊ दे."

"आणि जिथे जायचंय तिथे गाडी आली तर?"

"तर मी आहे ना."

तुझं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मास्तर मारतील म्हणालो की, आई रागावेल म्हणालो की, फी भरायची राहिली म्हणालो की. तू नववीत शाळा सोडून बाबांच्या गिरणीत लागलास तेव्हा मी विचारलं होतं, तुझ्या पुस्तकांचं काय. "तू आहेस ना वाचायला," तू म्हणालास. गिरणी बंद पडली, तू लिफ्टवर लागलास, मी शिकत राहिलो. याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. बोलायला गेलो की तू विषय बदलायचास आणि मला ग्रंथपाल म्हणायचास. मी त्या वाचनालयात साधा कारकून होतो तेव्हापासून ग्रंथपाल.

पुढे पुस्तक खरं ठरलं, आणि मला त्याची शरम वाटते. चाळीमागच्या गल्लीत तू त्याला सकाळी सोडायचास. एका सकाळी घूस दिसली. घूस गटारात, तिच्यामागे फुटाणा गटारात, आणि वरून फरशीची लादी. तीन तास तू पोटावर आडवा पडून त्या फटीत तोंड घालून त्याला हाका मारत होतास. चाळीतली अर्धी माणसं फरशी उचलायला लागली होती. मला फोन आला तेव्हा मी धावत आलो. येईपर्यंत तो बाहेर निघाला होता, नाक फाटलेलं, अंगभर काळा चिखल, तोंडात घूस. शेपटी हलवत होता. तुझा शर्ट पुढून पूर्ण काळा झाला होता.

मी त्या वेळी म्हटलं, "मी सांगितलं होतं."

दादा, माणसाने आयुष्यात काही वाक्यं गिळायला शिकली पाहिजेत. मी शिकलो नाही. तू पंचा ओला करून त्याचं नाक पुसत राहिलास. मी दादरला परत निघालो तेव्हा नेहमीसारखं जिन्यापर्यंत सोडायला आला नाहीस.

त्यानंतर गल्लीत तू त्याला कधी सोडला नाहीस. मला वाटलं, पटलं. पण दोन महिन्यांनी तुझं माहीमला जाणं सुरू झालं. चाळीतले टॅक्सीवाले भाऊ उजाडताना धंद्याला निघायचे. ते तुम्हा दोघांना किनाऱ्यावर सोडायचे. परत येताना तू आठच्या सुमारास आमच्याकडे चहाला थांबायचास. फुटाणा ओला, पायांना वाळू, आणि सुनीता दारात फडकं घेऊन उभी. "भावजी, पाय पुसल्याशिवाय आत नाही," ती म्हणायची, आणि तू आधी स्वतःचे पाय पुसून घ्यायचास, मग त्याचे.

"काय ग्रंथपाल, आज पुस्तक काय म्हणता?" बसता बसता तू मालवणीत विचारायचास. आणि मी वर बघितलं नाही तरी सांगायचास, आज मोकळा सोडला होता. पार पाण्याच्या रेघेपर्यंत गेला, बगळ्यांमागे लागला, आणि आला परत.

"एक दिवस परत येणार नाही," मी म्हणायचो.

रोज हेच. मी हे वाक्य पेपर खाली न ठेवता म्हणायचो. आता सकाळी आठला चहा करताना सुनीताच्या हातून अजून तीन कप काढले जातात, आणि ते वाक्य मला ऐकू येतं.

काही गोष्टी मी तेव्हा बघितल्या आणि वाचल्या नाहीत. तुझ्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना नेहमी कापडाच्या चिंध्या बांधलेल्या असायच्या. सुनीताने विचारलं तर तू म्हणालास, कांदा चिरताना लागलं. उजव्या हाताने कांदा चिरणाऱ्या माणसाला उजव्याच हाताला कसं लागेल, हे मला, अख्खं आयुष्य छापलेल्या ओळी वाचण्यात घालवलेल्या माणसाला, सुचलं नाही. फुटाण्याच्या छातीभोवती तू एक भक्कम पट्टा घालायला लागला होतास, गळ्यात नव्हे, छातीला, पाठीवर लोखंडी कडी असलेला. मी चिडवलं, "दोरी नको म्हणतोस आणि पट्टा कशाला?" "शोभेला," तू म्हणालास. फुटाण्याला शोभेची किती हौस आहे ते मला माहीत होतं. गणपतीत पोरांनी त्याला रेशमी झूल घातली होती, ती त्याने मिरवणूक निघायच्या आत खाल्ली होती.

शेवटचा फोन रविवारी आला. तू म्हणालास, "एकदा माहीमला ये रे. येऊन बघ तरी कसा धावतो. दोन माणसं असली की बरं पडतं."

मी म्हटलं, "दोघांनी उभं राहून बघितलं म्हणून चुकीचं बरोबर होत नाही, दादा."

मागे रेडिओ चालू होता. मग म्हणालास, "बरं. तुझ्या सवडीने ये." आणि फोन ठेवलास. मला सवड होती. निवृत्त माणसाला सवडीशिवाय दुसरं काय असतं. मी तत्त्वासाठी आलो नाही. गुरुवारी तू चहाला आला नाहीस, आणि दुपारी काकूंचा फोन आला की फुटाणा बंद दारामागे मघापासून भुंकतोय, आणि तू दार उघडत नाहीस.

दहाव्याला आपला चुलतभाऊ बबन होता. त्याला तू ओळखतोस. लग्न असो की मर्तिक, सूत्रं त्याच्या हातात. दादरच्या किनाऱ्यावर पिंड मांडले आणि आम्ही बाजूला झालो. कावळे होते, पुष्कळ होते, पण भिंतीवरून खाली उतरेनात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गुरुजींनी सवयीने सांगितलं, काही इच्छा राहिली असेल तर बोला.

बबन पुढे झाला. खोलीचं नीट करू म्हणाला. आईच्या नावाने गावच्या देवळात दरवर्षी नारळ देऊ म्हणाला. कावळे नुसते मान तिरकी करून बघत राहिले. मग बबनला एकदम उमगलं. म्हणाला, "अरे, त्याचा जीव कुत्र्यात अडकलाय. कुत्र्याला समोर आणा. दादाला दिसू दे."

फुटाणा आमच्याबरोबर आला होता. घरी एकटा ठेवला तर दार खरवडत होता, म्हणून सुनीता त्याला दोरीला धरून लांब उभी होती. बबनने त्याला पुढे आणवला, पिंडापासून चार पावलांवर. मी हात जोडले आणि म्हटलं, "दादा, फुटाण्याला मी सांभाळीन. जन्मभर." कावळे आणखी मागे सरकले.

"तसं नव्हे," बबन माझ्या कानाशी म्हणाला. "मोकळा सोडीन म्हण. तुमचं तेच होतं ना?"

दादा, मला ते म्हणता आलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. गुरुजींना पुढचं काम होतं. एक वाक्य, चार शब्द. तू असतास तर म्हणाला असतास, म्हणून टाक रे, कोण तपासायला येतंय. पण तुझ्यासमोर खोटं बोलायची माझी सवय नाही, आणि खरं बोलायचं तर मी त्याला सोडणार नव्हतो. मी त्या दोरीचं दुसरं टोक सुनीताच्या हातून घेतलं आणि गच्च धरून उभा राहिलो. बबनने निःश्वास टाकला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. म्हणजे तुला निरोप दिला तो गवताच्या काडीने, माझ्या हट्टापायी. परतताना बबन सुनीताला म्हणाला, "सख्ख्या भावाला चार शब्द जड झाले." मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

घरी येऊन आंघोळ केली आणि कपाटातून तुझ्या ताटलीखालचा तो घडीचा कागद काढला. 'लहान आणि हलणारं काहीही दिसलं की...' तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टेरियर कुत्रा चार पावलांवर उभा केल्यावर मुंबईतला कुठला कावळा खाली उतरेल? आम्ही तुला फुटाणा दाखवत होतो, आणि कावळ्यांनाही दाखवत होतो. हे तुला सांगितलं असतं तर तू चहा सांडेपर्यंत हसला असतास. पण मला आठवलं की फुटाणा पुढे यायच्या आधीही दहा मिनिटं कावळे उतरले नव्हते. ती दहा मिनिटं माझ्याकडेच राहिली.

इकडे फुटाणा आमच्या घरात राहायला शिकत होता. खातो, पण ताटलीभोवती एक फेरी मारून मग खातो. घंटी वाजली की दाराशी जातो, आलेलं माणूस हुंगतो आणि परत येतो. रडत वगैरे नाही. ही जात तशी नाही, पुस्तकात तसं काही नव्हतं. फक्त सकाळी उजाडलं की दारापाशी उभा राहतो आणि वळून माझ्याकडे बघतो, चुकार नोकराकडे बघावं तसं. मी त्याला दोरी लावून सोसायटीच्या आवारात तीन फेऱ्या घालतो. तो माझ्यासाठी चालल्यासारखा चालतो.

काल, तुझ्या तेविसाव्या दिवशी, त्याने आवारात जायचं नाकारलं. फाटकाशी बसला. मी टॅक्सी थांबवली. टॅक्सीत बसताना मी दोरी मनगटाला दोन वेढे घेऊन बांधली होती.

माहीमच्या किनाऱ्यावर ओहोटी होती. वाळूत पाय पडताच तो ओढ घ्यायला लागला, पण पाण्याकडे नाही. होड्या ओढून ठेवल्या होत्या तिकडे. तिथे एक म्हातारी कोळीण जाळं दुरुस्त करत बसली होती. फुटाणा सरळ तिच्या मांडीत जाऊन पडला. तिने जाळं बाजूला केलं, त्याच्या कानामागे खाजवलं, आणि मग माझ्याकडे मान वर केली.

"तू त्याचा भाव," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच. "तो नाय आला?"

मी सांगितलं. जाळ्यातली एक गाठ तिने घातली, ओढून बघितली, आणि मग उठली. हिराबाई तिचं नाव. होडीच्या पोटात हात घालून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं.

आपली फिरकी होती, दादा.

दोन्ही मुठींचं लाकूड तसंच काळं पडलेलं. पण तिच्यावर मांजा नव्हता. तंगूस होता, मासे धरायची ती नायलॉनची पारदर्शक दोरी, जाड आणि चिवट, शंभर हात तरी असेल. टोकाला पितळी हूक.

"माझ्याच घरची दोर," हिराबाई म्हणाली. "त्यानं मागून नेली. कुत्र्याला बांधायची म्हणाला, पण कुत्र्याला कळता नये. मी म्हटलं, मासा आहे काय हा?"

मी खाली बसलो. ती सांगत राहिली. रोज यायचास, पट्ट्याच्या कडीत हूक अडकवायचास आणि त्याला जाऊ द्यायचास. लांबून बघणाऱ्याला मोकळा कुत्रा दिसायचा. फुटाण्यालाही तसंच वाटत असणार. तो बगळ्यांमागे सुटला की तू दोरी बोटांमधून जाऊ द्यायचास, आणि रस्त्याच्या बाजूला वळला की बोटं मिटायचास. दोरी बोटं कापायची. चिंध्या हिराबाईच्याच जुन्या लुगड्याच्या. फिरकी तू काखेत धरायचास, कधी वाळूत रोवायचास, पण एका माणसाला ते साधत नव्हतं. दोरी ढिली पडली की गुंता व्हायचा, आणि मग तू तासभर तो सोडवत बसायचास, फुटाणा शेजारी.

"घरी का नेत नव्हता फिरकी?" मी विचारलं.

ती हसली. "तुझ्यासाठी. भाव बघेल आणि म्हणेल, आलास ना माझ्या वळणावर. मी म्हटलं, म्हणू दे की. तर म्हणाला, सांगणार आहे. इथेच आणून दाखवणार आहे, म्हणजे बोलणार नाही जास्त." तिने फुटाण्याच्या अंगावरची वाळू झटकली. "मी म्हटलं, तोवर कुणा पोराला धरायला लाव फिरकी, गुंता तरी नाय होणार. तर नाय म्हणाला. म्हणाला, फिरकी धरायला माझा भाऊ आहे."

दादा, चाळीच्या गच्चीवर तू पतंग उडवायचास तेव्हा फिरकी मी धरायचो. खरं तर धरत नव्हतो. फिरकी दोन्ही गुडघ्यांत अडकवून मी पुस्तक वाचायचो. तू वर बघत ओरडायचास, ढील दे, ढील दे, आणि माझ्या गुडघ्यांत फिरकी अडलेली असायची. माझ्यामुळे तुझे किती पतंग कटले. गच्चीवरची पोरं म्हणायची, याला काढ, आम्हाला दे. तू एकदाही दुसऱ्या कुणाच्या हातात फिरकी दिली नाहीस. मी ते कधी तुझ्या चांगुलपणात धरलं नाही. मला वाटायचं, तुला दुसरं कुणी मिळत नाही.

त्या रविवारी तू मला बोलावलंस ते मला हरवायला नव्हे. जिंकू द्यायला. तुझ्या पद्धतीने, लांब वाळूत, कुणी ऐकत नसताना. आणि फिरकी धरायला. मी दोन्ही नाकारलं, एका वाक्यात, पेपर खाली न ठेवता. तू मान्य केलं होतंस हे कळून मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी ते मनात शोधलं. नव्हतं. मी पाच वर्षं फुटाण्याला काय होईल एवढंच बघितलं. त्याला काय हवं हे तू बघितलंस, आणि काय होईल तेही. पुस्तकात दोरी लावावी आणि लावू नये, असे दोनच रकाने होते. तू मध्ये बसलास, बोटं कापून घेत.

हिराबाईने विचारलं नाही. तिने माझ्या मनगटावरचे दोरीचे वेढे सोडवले, पितळी हूक फुटाण्याच्या पट्ट्यात अडकवला, आणि स्वतःच्या पदराची कड फाडून माझ्या दोन बोटांना गुंडाळून दिली. मी फिरकी हातात घेतली. फुटाणा उभा राहिला, एकदा होड्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

मग बगळे उडाले.

तो गेला, दादा. मी त्याला असा कधी बघितला नव्हता. चारही पाय एकदम वाळू सोडत होते. ओल्या वाळूवर त्याची पांढरी पाठ लहान होत गेली. मी फिरकी दोन्ही मुठींत सैल धरली, या वेळी गुडघ्यांत नाही, आणि ती माझ्या तळहातांवर गरगरा फिरत राहिली. दोरी माझ्यापासून सरळ निघाली होती आणि दोन पावलांपुढे उजेडात दिसेनाशी होत होती. तिथे तू उभा असायला हवा होतास, माझ्याकडे पाठ करून, हात वर. फिरकी धरणाऱ्याला उडवणाऱ्याची नुसती पाठ दिसते. मला तीच बघायची होती.

"ढील दे," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. हिराबाईने जाळ्यावरची मान वर केली नाही.

आणि मी दिली, दादा. संपेपर्यंत दिली.